एडिनबराचा हत्ती आणि आपला गाविलगड

बसमध्ये, ऑफिसच्या कॅबमध्ये, जिममध्ये, की भांडी घासता घासता ऐकताय? जिथं असाल तिथं इअरफोन नीट लावून घ्या, कारण आज आपण एकाच एपिसोडमध्ये दोन किल्ले फिरणार आहोत. एक स्कॉटलंडमधला एडिनबरा कॅसल. दुसरा आपल्या चिखलदऱ्याचा गाविलगड. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीसारखा हा लिखित मजकूर आहेच.

आधी सांगून टाकतो, मी इतिहासाचा अभ्यासक नाही. बीटेक केलं, कोड लिहितो, पगार घेतो. पण मी वऱ्हाडातला आहे, आणि चिखलदऱ्याला आपल्याकडचा माणूस काय करायला जातो ते मला पक्कं माहीत आहे. पावसात जायचं, धुक्यात फोटो काढायचे, भीमकुंड बघायचं, देवी पॉइंटला दर्शन घ्यायचं, भाजलेलं कणीस खायचं, रबडी हाणायची, खवा बांधून घ्यायचा आणि अंधार पडायच्या आत घाट उतरायचा. गाविलगड या लिस्टमध्ये असलाच तर शेवटी असतो. "टाइम उरला तर पाहू." टाइम उरत नाही.

आता एडिनबरा. कामानिमित्त मी काही महिने इंग्लंडमध्ये होतो, तेव्हा तीन दिवसांची सुट्टी काढून एडिनबराला गेलो. तिथं माझा कॉलेजचा मित्र राहतो, मूळचा परतवाड्याचा. तो, वहिनी आणि त्यांचा सहा वर्षांचा पोरगा. स्टेशनवर घ्यायला आला आणि पहिलं वाक्य, "काहून बे, एवढाच आणला काय चिवडा?" म्हटलं, बरोबर पत्त्यावर आलो.

दुसऱ्या दिवशी सगळे मिळून कॅसलला गेलो. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. शहराच्या मधोमध एक काळा कातळ उभा आहे आणि त्यावर किल्ला. तो कातळ म्हणजे सुमारे ३५ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या नळीत थिजलेला दगड. तीन बाजूंनी कडा, एका बाजूनं उतार. शत्रू येणार तो त्या एकाच बाजूनं. आत बाराव्या शतकातलं सेंट मार्गारेटचं छोटंसं चॅपेल आहे, ती शहरातली सगळ्यात जुनी वास्तू. मॉन्स मेग नावाची पंधराव्या शतकातली अवाढव्य तोफ आहे. आणि रविवार वगळता बहुतेक दिवशी दुपारी बरोबर एक वाजता एक तोफ उडते, १८६१ पासून. पूर्वी बंदरातली जहाजं त्यावर आपली घड्याळं लावायची. आता पर्यटक दचकतात आणि स्थानिक लोक हातातलं घड्याळ बघतात. मित्राचा पोरगा तर दहा मिनिटं आधीपासून कानात बोटं घालून तयार!

किल्ल्याच्या पायथ्याशी प्रिन्सेस स्ट्रीट गार्डन्स आहेत. हिरवळ, कारंजं, आणि फुलापानांनी बनवलेलं चालतं घड्याळ, ते १९०३ पासून आहे. आज जिथं लोक सँडविच खात लोळतात, तिथं एकेकाळी पाणी होतं. नॉर लॉक नावाचा तलाव, किल्ल्याचं उत्तरेकडून रक्षण करणारा. पुढं शहराची सगळी घाण त्यात जायला लागली, मग अठराव्या शतकात तो उपसायला सुरुवात झाली आणि एकोणिसाव्या शतकात त्याची बाग झाली. म्हणजे बागेत फिरताना तुम्ही खंदकाच्या तळाशी फिरत असता. हे मला तिथल्या पाटीवरून कळलं नाही, त्या सहा वर्षांच्या पोरानं सांगितलं. शाळेत प्रोजेक्ट होता म्हणे.

आता मुद्द्यावर येतो. किल्ल्याच्या दरवाज्यासमोर मोठं पटांगण आहे, त्याला एस्प्लनेड म्हणतात. ऑगस्टमध्ये तिथं लष्करी बँडचा प्रसिद्ध सोहळा होतो. त्या पटांगणाच्या कडेला बरीच स्मारकं आहेत. त्यातला एक दगडी क्रॉस बघायला मी थांबलो, कारण त्यावर हत्ती कोरलेला आहे. स्कॉटलंडमध्ये हत्ती! जवळ जाऊन वाचलं. ७८ व्या हायलँडर्स पलटणीचं स्मारक. १८५७-५८ च्या उठावात हिंदुस्थानात मेलेल्या त्यांच्या सैनिकांसाठी उभारलेलं.

पण हत्ती १८५७ चा नाही. तो १८०३ चा आहे. त्या वर्षी २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. असई म्हणजे आपल्या जालना जिल्ह्यातलं भोकरदनकडचं गाव. समोर शिंदे आणि नागपूरकर भोसले, इकडं कंपनीची फौज आणि तिचा सेनापती आर्थर वेलस्ली, वय ३४. हाच पुढं वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. असईत लढल्याची खूण म्हणून त्या पलटणीला हत्तीचं चिन्ह मिळालं. त्याच शहरात प्रिन्सेस स्ट्रीटच्या पूर्व टोकाला वेलिंग्टनचा घोड्यावरचा पुतळा आहे, १८५२ चा. आम्ही सकाळी त्याच्याखालूनच आलो होतो.

मी तिथं उभ्या उभ्या मोबाइल काढून वाचत बसलो. असईनंतर २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई. अडगाव कुठलं? अकोला जिल्ह्यातलं, तेल्हारा तालुक्यातलं! आणि त्यानंतर? १५ डिसेंबर १८०३, गाविलगड. त्या हल्ल्यात याच ७८ व्या पलटणीच्या पाच कंपन्या वायव्येच्या दरवाज्यावर चालून गेल्या होत्या.

मित्राला हाक मारली. म्हटलं, "अबे, हे लोक तुझ्या घरामागच्या डोंगरावर येऊन गेलेत." तो नुसता बघत राहिला. परतवाड्यात गच्चीवर उभं राहिलं की उत्तरेला ज्या डोंगराची भिंत दिसते, त्याच रांगेत गाविलगड आहे. त्याचं सगळं बालपण ती भिंत बघण्यात गेलं होतं. आणि तिच्यावर काय झालं ते त्याला सात हजार किलोमीटर लांब एका क्रॉससमोर कळत होतं.

आत किल्ल्यात स्कॉटिश नॅशनल वॉर मेमोरियल आहे, १९२७ ला उघडलेलं. पहिल्या महायुद्धात गेलेल्या प्रत्येक स्कॉटिश सैनिकाचं नाव तिथं मोठ्या मोठ्या वह्यांमध्ये लिहून ठेवलंय. कुणीही जाऊन आपल्या पणजोबाचं नाव शोधू शकतं. एक आजी शोधत होत्या. पानं उलटली, बोट ठेवलं, थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि गेल्या. मित्राच्या पोरानं हळूच विचारलं, "बाबा, आपलं नाव कुठंय?" मित्र म्हणाला, "आपलं इथं नाही." पोरगा म्हणाला, "मग कुठंय?"

याला उत्तर काय द्यायचं?

मंडळी, पुढच्या डिसेंबरमध्ये ते तिघं परतवाड्याला आले. दरवर्षीसारखी ही ट्रिप नव्हती. मित्राच्या आईबाबांनी अमरावतीला फ्लॅट बघितला होता, आणि परतवाड्याचं घर विकायचं की ठेवायचं याचा निर्णय या सुट्टीत व्हायचा होता. घरातलं वातावरण तुम्ही समजू शकता. कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं, पण कपाटं उघडी होती. मी अमरावतीहून भेटायला गेलो, आणि मित्र म्हणाला, "उद्या गाविलगडावर जाऊ. पोट्ट्याले दाखवायचाच आहे."

सोबत काकाजी आले, म्हणजे मित्राचे वडील. काकाजी एसटीत ड्रायव्हर होते. परतवाडा ते चिखलदरा हा घाट त्यांनी कित्येक वर्षं चालवला. कुठल्या वळणावर गिअर टाकायचा, धुक्यात कुठं हॉर्न द्यायचा, सगळं तोंडपाठ. गाडीत बसल्या बसल्या आमच्या ड्रायव्हिंगला नावं ठेवणं सुरू. मी विचारलं, "काकाजी, तुम्ही किल्ला कितीदा पाहिला?" ते म्हणाले, "आतून? एकदाही नाही. ड्युटी होती ना बाप्पा. गाडी लावाची, चहा पेवाचा, गाडी फिरवाची."

आता तुम्हाला किल्ला समजावून सांगतो, म्हणजे तुम्ही गेलात तर नुसत्या भिंती बघून परत येणार नाही.

चिखलदरा साधारण अकराशे मीटर उंचीवर आहे, आणि किल्ला गावापासून अगदी जवळ. एडिनबराचा कातळ ज्वालामुखीचा, तसाच आपलाही. फक्त आपला तरुण, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा, दख्खनचा काळा बेसॉल्ट. फेरिश्ता या इतिहासकारानं लिहिलंय की बहमनी सुलतान अहमदशहा वलीनं १४२५ च्या सुमारास हा किल्ला बांधला. पण नाव गवळ्यांचं. त्याआधी इथं गवळ्यांची गढी असावी असं म्हणतात, आणि आजही चिखलदऱ्यात तुम्ही जो खवा, जी रबडी खाता, ती बहुतेक गवळी घरातलीच असते. सुलतान गेला, तोफा गंजल्या, दूध मात्र अजून त्याच डोंगरावर आटतंय!

बहमनी राज्य फुटलं तेव्हा वऱ्हाडात फतहुल्ला इमादुल्मुल्कनं इमादशाही उभी केली, १४९० मध्ये. हा माणूस मूळचा विजयनगरकडचा, ब्राह्मण घरातला, लहानपणी युद्धात पकडला गेलेला. त्यानं किल्ला दुरुस्त केला. किल्ल्याच्या दिल्ली दरवाज्यावर नीट बघा. सिंह आहेत, त्यांच्या पंजाखाली हत्ती आहेत, आणि दोन डोक्यांचा गंडभेरुंड पक्षी आहे. गंडभेरुंड हे दक्षिणेतलं, विजयनगरचं चिन्ह, म्हणून अभ्यासक त्याचा संबंध फतहुल्लाच्या मुळाशी जोडतात. कैदेत आलेला पोरगा राजा झाला आणि दरवाज्यावर त्यानं आपल्या गावाकडची खूण लावली, असा त्याचा अर्थ. मित्र त्या दगडाकडं बराच वेळ बघत उभा होता. परदेशात राहणाऱ्या माणसाला ते जास्त कळत असावं.

इमादशाही १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीनं गिळली. १५७७ मध्ये बहरामखानानं एक बुरूज बांधला, तो अजून त्याच्याच नावानं ओळखतात. १५९८ मध्ये किल्ला मोगलांकडं गेला. पुढं नागपूरकर भोसले. आणि मग १८०३.

आता रचना समजून घ्या. किल्ला एक नाही, एकाला लागून दुसरा आहे. दक्षिणेकडं आतला मुख्य किल्ला. त्याच्या उत्तरेला आणि वायव्येला बाहेरचा किल्ला. मध्ये खोल घळ. दक्षिणेकडून चढायचं म्हणजे सरळ कडा. सोपी जमीन फक्त उत्तरेकडं, लबाडा नावाच्या वस्तीच्या बाजूनं. पण उत्तरेला तोफा न्यायच्या तर सगळा सातपुडा ओलांडावा लागणार. तिथं रस्ताच नव्हता. बचाव करणाऱ्यांचा सगळा हिशेब त्यावर उभा होता.

कंपनीच्या फौजेनं तो रस्ता बनवला. कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीनं ७ ते १२ डिसेंबर, सहा दिवस, जड तोफा डोंगरदऱ्यांतून ओढत उत्तरेला नेल्या. झाडं तोडा, वाट करा, दोर बांधा, ओढा, परत वाट करा. दक्षिणेकडून वेलस्ली लक्ष गुंतवायला तोफा डागत होता. उत्तरेकडच्या तोफा सुरू झाल्या आणि १४ तारखेच्या रात्रीपर्यंत बाहेरच्या तटाला भगदाडं पडली. १५ ला सकाळी हल्ला.

बाहेरचा किल्ला पडला. पण आतला? त्याच्या तटाला एकही भगदाड नव्हतं. घळ उतरून दरवाज्यासमोर गेलं की वरून गोळ्या. इथं सगळं अडकलं. तेव्हा कॅप्टन कॅम्पबेल ९४ व्या पलटणीची हलकी कंपनी घेऊन शिड्या लावून तटावर चढला आणि आतून दरवाजा उघडला. ही ९४ वी पलटण म्हणजे स्कॉच ब्रिगेड. हीसुद्धा स्कॉटलंडचीच.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळतं. सगळा खर्च मुख्य दरवाज्यावर, आणि जिथून कोणी येणारच नाही असं धरून चाललो, तिथून माणूस आत.

पुढं जे झालं ते ऐकायला बरं नाही. किल्ला लढवणारा बेनीसिंग राजपूत दरवाज्याजवळ पडला. आत अडकलेल्यांची मोठी कत्तल झाली. दोन दिवसांनी, १७ डिसेंबरला, रघूजी भोसल्यांनी देवगावचा तह केला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड गेला, तो निजामाला मिळाला. गाविलगड आणि नरनाळा हे दोन किल्ले त्या वेळी भोसल्यांकडंच ठेवले गेले. पण १८५८ मध्ये, तात्या टोपेंची फौज इथं ठाण मांडेल या भीतीनं, इंग्रजांनी गाविलगडाची तटबंदी पाडून तो निकामी केला. आज पडझड दिसते ती सगळी काळानं केलेली नाही. काही मुद्दाम केलेली आहे.

हे सगळं मी पोराला सोप्या इंग्रजी-मराठीत सांगत होतो. आम्ही आतल्या मशिदीजवळ बसलो होतो. कमानी उभ्या आहेत, वर आकाश. खाली दरीत जंगल, मेळघाट. वारा एवढा की वहिनींना ओढणी दोन्ही हातांनी धरावी लागत होती. पोरानं विचारलं, "सो हू वॉन? आपण जिंकलो का?"

मी म्हटलं, नाही, इंग्रज जिंकले. मग लक्षात आलं की एवढ्यानं उत्तर होत नाही. कारण त्या हायलँडर्सच्या सोबत मद्रासच्या देशी पलटणी होत्या. तोफा ओढणारे हातही इथलेच. आतमध्ये भोसल्यांचे लोक, त्यांचा सरदार राजपूत. किल्ला बांधला सुलतानानं, नाव गवळ्यांचं, सगळीकडं जंगल कोरकूंचं. यात "आपण" नेमके कोण? भिंतीच्या आतले की शिडीवरचे?

पोरगा आजोबांकडं वळला. "आजोबा, आपण कोण?"

काकाजी म्हणाले, "आपुन इथले. या रस्त्यावरचे." आणि त्याचा हात धरून त्याला तलाव दाखवायला घेऊन गेले. किल्ल्यात देव तलाव आहे, मच्छी तलाव आहे. एडिनबरावाल्यांनी आपला तलाव उपसून बाग केली, आपल्या तलावांत अजून पाणी आहे. त्या दोघांनी खडे मारून पाणी किती उडतं ते बघितलं. अर्धा तास. इतिहास तेवढा पुरला त्यांना.

परतताना चिखलदऱ्याच्या शासकीय उद्यानात थांबलो. प्रिन्सेस स्ट्रीटसारखं फुलांचं घड्याळ इथं नाही, पण झोके आहेत, आणि पोराला तेच हवं होतं. चिखलदऱ्याची कॉफी प्यायलो. महाराष्ट्रात कॉफी पिकवणारं ठिकाण म्हणून चिखलदरा ओळखलं जातं, हे वहिनींना माहीतच नव्हतं, त्यांनी दोन पाकिटं घेतली. तिथं बाकावर बसून मित्र आणि काकाजी घराबद्दल बोलले. पहिल्यांदाच, कपाटं बाजूला ठेवून. मी झोक्याजवळ उभा होतो, सगळं ऐकलं नाही, आणि जे ऐकलं ते इथं सांगायचं नाही. एवढं सांगतो की घर विकायचं ठरलं. काकूंचे गुडघे, दवाखाना, सगळं अमरावतीत. निर्णय बरोबर आहे. काकाजींनी एकच अट घातली, पोरानं दरवर्षी यायचं आणि हा घाट त्यांच्यासोबत चढायचा. गाडी कोणीही चालवो, शेजारच्या सीटवर ते बसणार.

आता तुम्ही म्हणाल, यात आपण काय करायचं? आपण जुलै २०२५ मध्ये सगळ्यांनी स्टेटस ठेवले. मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोचा वारसा दर्जा मिळाला. रायगड, राजगड, शिवनेरी, साल्हेर, तमिळनाडूतला जिंजी. आनंदच आहे. त्या यादीचा विषय वेगळा होता, त्यामुळं गाविलगड तिथं नाही, विदर्भातला कुठलाच नाही. पण दर्जा मिळेल तेव्हा मिळेल. किल्ला बघायला दर्जा लागत नाही, अर्धा दिवस लागतो.

तर पुढच्या वेळी चिखलदऱ्याला जाल तेव्हा एवढं करा. सकाळी आधी किल्ला, मग पॉइंट, शेवटी रबडी. क्रम उलटा केलात की किल्ला गेलाच म्हणून समजा. पाणी सोबत न्या. हिवाळ्यात जा, पावसाळ्यात दगड शेवाळलेले असतात आणि धुक्यात कडा दिसत नाही. जंगल लागूनच आहे, वाघाचा इलाका आहे, म्हणून अंधारापर्यंत थांबू नका. दिल्ली दरवाज्यावरचा गंडभेरुंड शोधा. तोफा शोधा. घळीच्या काठावर उभं राहून बघा की शिडी कुठं लागली असेल. आणि कृपा करून भिंतीवर बदामात नाव कोरू नका. तिथं जे मेले त्यांची नावं त्या भिंतींवर नाहीत, तुमचं कशाला?

आणि एक गोष्ट घरबसल्या करता येईल. त्या एडिनबराच्या वह्यांमध्ये नावं आहेत, कारण कोणीतरी बसून ती लिहिली. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आज रात्री विचारा, आपलं मूळ गाव कुठलं, तिथला किल्ला, गढी, बुरूज कुठला, त्याच्याबद्दल तुमचे आजोबा काय सांगायचे. मोबाइलवर रेकॉर्ड करा. पाच मिनिटं पुरतात. काकाजींचं मी केलंय, घाटातल्या प्रत्येक वळणाचं त्यांच्याकडं एक नाव आहे, त्यातली बरीचशी कुठल्याच नकाशात नाहीत.

तुमच्याकडं असं काही निघालं तर मला व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या एखाद्या एपिसोडमध्ये एकत्र ऐकू. वऱ्हाडीत बोललात तर अजून बरं. चला, भेटू पुढच्या वेळी. तोवर काळजी घ्या, आणि घाटात हॉर्न देत जा!